रोजा, गोळी आणि रक्तातली साखर

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. वर्धा जिल्ह्यात त्या दिवसांत शाळा सकाळच्या भरतात. मुले घरी गेली की दुपारी पेपर तपासायला आम्ही काही जण थांबत होतो. त्या वर्षी रमजान ३ एप्रिलला सुरू झाला होता आणि आमच्या एका सहकारी शिक्षकांचे रोजे होते. साडेचारच्या सुमारास त्यांच्या हातातले पेन थरथरू लागले. सदरा घामाने ओला झाला. एकाच उत्तराला त्यांनी दोनदा गुण दिले आणि ते लक्षात आणून दिल्यावर, एरवी अत्यंत शांत असलेला हा माणूस एकदम चिडला. बाहेर ४२ अंशांचे ऊन. तेव्हा उन्हाचाच त्रास असेल असे सर्वांनाच वाटले. पण आमच्यातल्या एकांना स्वतःलाच शुगर होती आणि त्यांच्या पिशवीत ग्लुकोमीटर असे. त्यांना शंका आली. बोटाला सुई टोचून पाहिले तर आकडा आला ५८.

"सर, आधी साखर घ्या," आम्ही म्हटले. ते म्हणाले, "होईल हो बरं, दोनच तास तर राहिलेत." बरीच विनवणी केल्यावर त्यांनी साखरेचे पाणी घेतले. पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले, पण रोजा तुटल्याचे दुःख चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मग कळले की गेली सहा वर्षे त्यांना मधुमेह आहे, रोज सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची एक गोळी ते घेतात, आणि रमजानातही तीच गोळी, तेवढीच, पहाटे सहेरीच्या वेळी घेतली होती. डॉक्टरांना विचारले का? "विचारलं असतं तर रोजे ठेवू नका म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही."

या उत्तराने आम्हाला पुस्तके उघडायला लावली. उपवासाने मधुमेही माणसाला धोका होतो, हे आज आपण गृहीत धरतो. पण शंभर वर्षांपूर्वी नेमके उलटे होते. तेव्हा मधुमेहावर उपवास हाच एकमेव कामाचा उपचार होता! मग तो धोक्याचा केव्हापासून झाला?

उपाशी ठेवण्याचा उपचार

लघवीला गोडी येते, तिला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक 'सहज', म्हणजे जन्मजात, त्यात रोगी कृश असतो, दुसरा 'अपथ्यनिमित्तज', खाण्यापिण्याच्या सवयींतून आलेला, त्यात रोगी स्थूल असतो. आजच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मधुमेहाशी हे वर्णन पुष्कळसे जुळते. (तंतोतंत जुळते असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा.)

१८७०-७१ साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा तुटवडा पडला. अपोलिनेर बुशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की, या उपासमारीत त्यांच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे. पुढे १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी हाच धागा टोकाला नेला. लघवीतली साखर थांबेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे, मग अगदी थोडे अन्न सुरू करायचे, पुन्हा साखर दिसली की पुन्हा उपास. यात मुले हाडांचा सापळा होत. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेतल्या एका बड्या नेत्याची मुलगी. अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि ती अ‍ॅलन यांच्या उपचाराखाली तीन वर्षे तग धरून राहिली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला पोचली तेव्हा पंधराव्या वर्षाला टेकलेल्या या मुलीचे वजन होते अवघे २० किलो. पण तोवर इन्सुलिन आले होते. ती पुढे १९८१ पर्यंत जगली.

लोकमान्य टिळकांनाही मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात (१९०८-१४) आणि त्यानंतरही पथ्याशिवाय त्यांच्यापाशी उपाय नव्हता. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. टोरांटोमध्ये माणसाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले ते ११ जानेवारी १९२२ ला.

उपवासाने मधुमेही माणसाची साखर उतरते याचे कारण सरळ आहे: बाहेरून भर पडत नाही. पण मग निरोगी माणसाची साखर उपवासात शून्यावर का येत नाही? हे समजून घेण्यासाठी थोडे सेवाग्रामला जाऊन येऊ.

अ‍ॅसिटोन आणि श्रद्धा

वर्ध्याजवळच्या सेगावला गांधीजी १९३६ साली राहायला आले आणि पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या उपवासांकडे आपण राजकारण म्हणून पाहतो, ते योग्यच. पण ते उपवास डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले आणि त्यांत शरीरविज्ञानाचा एक धडाही आहे. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असा एकवीस दिवसांचा उपवास त्यांनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना केला. वय ७३. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर त्यांच्याजवळ होते. अन्नाच्या अभावापेक्षा पाण्यानेच डॉक्टरांना जास्त घाबरवले. मळमळीमुळे पाणी पोटात जाईना, लघवी कमी झाली, मूत्रपिंडे काम थांबवतील अशी वेळ आली. शेवटी पाण्यात थोडा मोसंबीचा रस घातल्यावर पाणी पोटात टिकू लागले आणि तो प्रसंग टळला.

जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत हिंदू-मुसलमानांतली शांतता परत यावी म्हणून त्यांनी अखेरचा उपवास केला. तेव्हा लघवीत अ‍ॅसिटोन दिसू लागल्याचे सुशीलाबेननी त्यांना सांगितले. माझी रामावरची श्रद्धा कमी पडते म्हणून ते आले, अशा अर्थाचे काहीतरी गांधीजी म्हणाले. हे निव्वळ रसायनशास्त्र आहे, असे सुशीलाबेनचे म्हणणे. हा संवाद आम्हाला फार आवडतो, कारण दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि एकमेकांवर रागावलेले नाहीत. याच सुशीलाबेननी पुढे, १९६९ साली, सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे केले.

आता ते रसायनशास्त्र पाहू. आपल्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम ग्लुकोज लागते. जेवणानंतर काही तासांनी आतड्यातून येणारी साखर संपते. तेव्हा यकृत आपले कोठार उघडते. तिथे ग्लायकोजेनच्या रूपात साधारण १०० ग्रॅम साखर साठवलेली असते, आणि जोडीला यकृत इतर पदार्थांपासून नवी साखरही बनवते. एका दिवसाच्या उपवासाला हे पुरते. उपवास त्यापुढे लांबला की चरबी फोडून इंधन मिळवले जाते. त्यातून कीटोन तयार होतात आणि त्यांतलेच एक अ‍ॅसिटोन. मेंदू दीर्घ उपवासात हे कीटोन जाळून चालतो, हे अमेरिकेत जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले.

या सगळ्या व्यवहाराची किल्ली असते इन्सुलिनकडे. रक्तातली साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडते. इन्सुलिन कमी झाले की यकृताचे कोठार उघडते. पण इन्सुलिन पूर्ण थांबत नाही. थोडेसे राहते आणि ते चरबी बेसुमार फुटू देत नाही. म्हणून उपवासातले कीटोन मर्यादेत राहतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतेच, त्यामुळे हा लगाम सुटतो, कीटोन साचून रक्त आम्ल होते आणि ते जिवावर बेतते. लघवीत अ‍ॅसिटोन दोघांच्याही असू शकते. फरक लगामाचा आहे.

आता रोजाकडे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. तासांच्या हिशेबाने रोजा लहान आहे, कोठार संपण्याच्या आत तो सुटतो. पण त्यात पाणीही वर्ज्य आहे. एकादशीला किंवा चतुर्थीला आपण फराळ करतो, निदान पाणी पितो. रोजेदाराला तेही चालत नाही.

गोळीचा जन्म

आता मूळ प्रश्नाकडे. उपवास धोक्याचा झाला तो गोळीमुळे. तिची कथा १९४२ सालची, फ्रान्समधल्या माँपेलिये गावची. महायुद्धाचे दिवस, अन्नाची टंचाई आणि विषमज्वराची साथ. मार्सेल जांबों हे डॉक्टर विषमज्वरावर एक नवे सल्फा औषध वापरून पाहत होते. काही रुग्णांना घाम फुटू लागला, झटके येऊ लागले, काही दगावले. रक्तातली साखर फार खाली गेली होती. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लूबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ज्यांचे स्वादुपिंड काढून टाकले होते त्या कुत्र्यांवर औषधाचा परिणाम होत नव्हता. एका रोगावरचे घातक ठरलेले औषध अशा रीतीने दुसऱ्या रोगावरचा उपाय ठरले. १९५५ नंतर या जातीच्या (सल्फोनिलयुरिया) गोळ्या बाजारात आल्या. ग्लिबेनक्लामाइड आणि आमच्या सहकाऱ्यांची ग्लिमेपिराइड याच घराण्यातल्या.

जांबों यांचे रुग्ण आजारी आणि अर्धपोटी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या गोळीचा धोका तिच्या जन्माच्याच वेळी, रिकाम्या पोटी, उघड झाला होता. साखर उतरली की इन्सुलिन कमी व्हावे, ही शरीराची रीत आपण वर पाहिली. ही गोळी ती रीत मोडते. साखर खाली आली तरी ती स्वादुपिंडाला ढकलतच राहते. दिवसातून तीनदा जेवणाऱ्या माणसासाठी 'सकाळी एक' हे वेळापत्रक बरोबर होते. तीच गोळी पहाटे चार वाजता घेऊन दिवसभर काही न खाणाऱ्या माणसाला दुपारी चार वाजता घाम फुटला, तर नवल नाही.

सगळ्याच गोळ्या अशा नाहीत. जाँ स्टेर्न यांनी १९५७ साली वापरात आणलेले मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून सुटणारी साखर आवरते, स्वादुपिंडाला ढकलत नाही. एकटे घेतले तर साखर फार खाली नेत नाही. म्हणजे 'मधुमेही माणसाने रोजा ठेवावा का?' हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला कोणता मधुमेह आहे, तो कोणती गोळी किंवा इंजेक्शन घेतो, मूत्रपिंडे कशी आहेत, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रश्न विचारायला लागलेला वेळ

आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सूट आहे, हे कुराणातच सांगितले आहे. राहिलेले दिवस नंतर भरून काढता येतात. ज्यांना तेही कधी शक्य नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावे, असा मार्ग आहे. मग अडचण काय? अडचण माणसाच्या मनाची आहे. सारे घर पहाटे उठते, मोहल्ला जागा असतो, संध्याकाळी सारे एकत्र बसतात, आणि आपण एकट्यानेच दुपारी जेवायचे? सूट घेणे म्हणजे आपण आजारी आहोत हे रोज कबूल करणे. वारीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुमचे गुडघे दुखतात, घरी बसा' म्हणून पाहा, म्हणजे कळेल.

वैद्यकाने या माणसाकडे उशिरा पाहिले. सल्फोनिलयुरिया गोळ्या १९५० च्या दशकातल्या, पण रोजेदार ती नेमकी कशी घेतो याचा मोठा, पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध झाला १९९३ साली. मोरोक्कोतल्या डॉक्टरांनी सुमारे ६०० रुग्ण पाहिले. त्यांची युक्ती साधी होती: दिवस उलटा झाला आहे, तर गोळीही उलटी करा. सकाळची मोठी मात्रा सूर्यास्तानंतरच्या जेवणाआधी आणि संध्याकाळची लहान मात्रा पहाटे. काहींची मात्रा कमीही केली. अशा रीतीने ग्लिबेनक्लामाइड सुरक्षितपणे देता येते असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९५ साली कासाब्लांकात भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत पहिली सर्वमान्य मार्गदर्शक तत्त्वे ठरली.

मग आली २००१ सालची मोठी पाहणी. भारतासह १३ देश, १२,२४३ मधुमेही मुसलमान स्त्री-पुरुष. तिच्यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा हा: दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के आणि पहिल्या प्रकारचा असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी त्या महिन्यात किमान १५ रोजे ठेवले होते. म्हणजे 'ठेवू नका' असे नुसते सांगून प्रश्न मिटत नाही. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत, इस्पितळात न्यावे लागण्याइतकी साखर उतरण्याचे प्रमाण एरवी महिन्याला दर हजारी ४ होते, ते रमजानात ३० झाले. जवळजवळ साडेसातपट! आणि साखर धोकादायक इतकी चढण्याचे प्रमाणही पाचपट झाले. हे चढणे कशामुळे, ते इफ्तारच्या ताटाकडे पाहिले की समजते: खजूर, सरबत, भजी, टरबूज आणि त्यावर जेवण, सारे तासाभरात. शिवाय गोळी आपल्या मनाने बंद करणारेही असतात.

एक गोष्ट मात्र या पाहणीच्या संदर्भात लक्षात घ्यायला हवी. २००१ सालचा रमजान नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला होता. उत्तर गोलार्धात ते लहान, थंड दिवस. हे आकडे वर्ध्याच्या मे महिन्याचे नाहीत.

पंचांगाचा भाग

हा भाग वर्गात घेण्यासारखा आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षापेक्षा ते ११ दिवसांनी लहान. आपल्या पंचांगात ही तूट अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून दिवाळी शरदातच येते. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१७ साली तो २८ मे रोजी सुरू झाला, २०१९ साली ७ मे रोजी, २०२५ साली २ मार्च रोजी. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल.

वर्धा साधारण पावणेएकवीस अक्षांशावर आहे. इथे जूनमध्ये पहाटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्यास्तापर्यंत सुमारे पावणेपंधरा तास होतात, डिसेंबरात सुमारे सव्वाबारा. फरक अडीच तासांचाच. लंडनला हाच काळ जूनमध्ये १८ तासांहून अधिक होतो. म्हणजे आपल्याकडे रोजाची लांबी फारशी बदलत नाही. बदलते ते ऊन. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा शेतात निंदण करणाऱ्या किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या रोजेदाराच्या अंगातून घामावाटे किती पाणी जाते? आणि मधुमेह्याची साखर चढलेली असेल तर लघवीवाटेही पाणी जाते. १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये डॉक्टरांना भीती वाटली होती ती पाण्याचीच. लंडनसाठी केलेला सल्ला इथे जशाचा तसा चालणार नाही. मुलांना आलेख काढायला सांगा: एका अक्षावर रमजानचे वर्ष, दुसऱ्यावर त्या महिन्यातले वर्ध्याचे सरासरी तापमान.

आजच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडे बिघडलेले, अलीकडेच साखर फार उतरून किंवा चढून इस्पितळात जाऊन आलेले, ताबा नसलेले पहिल्या प्रकारचे रुग्ण, यांनी रोजा ठेवू नये. बाकीच्यांची गोळी आणि तिची वेळ डॉक्टर बदलून देतात. ती आपल्या मनाने बदलू नये. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्या पाणीही नेतात, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. रोजात बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात. हे पुष्कळांना माहीत नसते आणि न तपासण्याचे तेच कारण असते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर घड्याळाकडे न पाहता रोजा सोडायचा.

आमचे सहकारी २०२३ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांकडे गेले. या वेळी सगळे सांगितले. डॉक्टरांनी गोळी कमी ताकदीची करून इफ्तारच्या वेळी घ्यायला सांगितली, सहेरी जितकी उशिरा करता येईल तितकी करा म्हणाले, भजी बंद केली. (भज्यांबद्दल सर अजून तक्रार करतात.) २४ मार्चला रमजान सुरू झाला. एका शाळकरी वहीत त्यांनी रोज दुपारी चारचा आकडा लिहून ठेवला. दोन दिवस तो ७० च्या खाली गेला, ते दोन्ही दिवस त्यांनी तिथल्या तिथे साखर घेतली आणि वहीत त्या तारखांना गोल केला. ते दोन रोजे त्यांनी डिसेंबरात, थंडीत भरून काढले. दुपारी चारचे आकडे तेव्हा ११२ आणि ११८ होते.